घायपाताचा पत्रा

आमच्या धाकट्या दिरांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या : तापलेल्या आणि अजून तापवून बघायच्या राहिलेल्या. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत लोखंड ओतण्यात जन्म गेला. रिटायर झाले, पण अंगातली भट्टी काही विझली नाही. बसणं म्हणून ठाऊक नाही. निपाणीला भाचीच्या लग्नात अक्षता मुठीत तशाच, आणि हे मांडवामागं आचाऱ्याच्या झाकणाची मूठ चाचपत उभे! म्हटलं, "भाऊजी, मंगलाष्टकं संपत आली." तर म्हणतात, "वैनी, मूठ लोखंडाची हाय. पोळणारच की! घायपाताची केली असती तर?"

घायपात म्हणजे बांधावरचं ते काटेरी, दोर वळायचं. त्याचे धागे काढायचे, रेझिनच्या चिकट रसात भिजवायचे, दाबून पत्र्यासारखे कडक करायचे, हे यांचं वेड. तुकडा तापवून बघायला माझा भाकरीचा तवा नेला तो नेलाच. "रेझिन आधी ढिलं पडतंय वैनी, धागा मागनं करपतोय," हे मला सांगणार, आणि मी म्हणणार, "मग भाकरी कशावर भाजू, तुमच्या टाळूवर?" "चालंल की. ती बी तापलेलीच हाय."

गेल्या वर्षी एका कारखानदारानं शब्द दिला : पत्रा तासभर ओव्हनमध्ये टिकला, तर पंपाच्या मोटारीवरची झाकणं तुमच्याकडनंच घेतो. झालं! आठ दिवस भाऊजी उभ्यानं जेवले. अंगणात पोत्यावर धागे वाळत घातलेले. तासातासाला उठून गालाला लावून बघायचे. "ओल राहिली की आत वाफ धरती, पत्रा पोटातनं फुगतो," हे मला दहादा सांगून झालेलं. कानानं ऐकलं हो, हाताला कोण सांगणार? त्या दिवशी पहाटे नेहमीसारखी बादली घेतली आणि सडा घातला. पोत्यावर चांगलं तांब्याभर पाणी पडलं. वाटलं, एवढ्याशानं काय होतंय! मी आत गेल्यावर भाऊजी आले, घाईघाईनं धागे गोळा केले आणि पत्रा दाबायला घेऊन गेले.

संध्याकाळी परत आले ते पत्रा काखेत धरून. पुरीसारखा टम्म फुगलेला. कारखानदार म्हणाला होता, नंतर बघू.

"काय झालं वो?" मी विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"माझंच वाळवणं कमी पडलं, वैनी."

सड्याचं मी तेव्हा सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

भाऊजींचे धागे अंगणात वाळतातच. पण पहाटे मी बादली घेऊन दार उघडते, तेव्हा पोतं उचललेलं असतं, आणि सगळे धागे छातीशी कवटाळून भाऊजी पायरीवर उभे असतात. एरवी क्षणभर न थांबणारा माणूस, तेवढा वेळ मात्र हलत नाही.

"घाला वैनी, सडा घाला," म्हणतात. "कोरडं अंगण बरं दिसत न्हाय."