थॉर्पच्या उंचीचा माणूस

विल्फ्रेड पार्जिटर एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या जागी उभा राहिला. लंडनबाहेरच्या स्टुडिओत गुप्तहेराच्या चित्रपटांची न संपणारी मालिका चालली होती, तिचा नायक थॉर्प नावाचा नट. त्याच्या दृश्याचे दिवे लावायला तास-दीड तास जाई. तेवढा वेळ त्याच्याच उंचीचा माणूस जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर उभा असावा लागे. तो विल्फ्रेड. पडद्यावर त्याचा कानसुद्धा कधी दिसला नाही. पण बायको गेल्यापासून चार माणसं नावानं हाक मारतील अशी जागा तेवढीच उरली होती, आणि ती जाण्याची त्याला भीती वाटे.

यंदा थॉर्पनं मालिका सोडली. नवा नायक रेनिक तीन इंचांनी बुटका निघाला. बुटक्याला लाकडी खोक्यावर चढवता येतं, उंचाला कापणार कुठून? ऑफिसातून फोनवर उंची विचारली, तेव्हा या साठीच्या गृहस्थानं बेधडक तीन इंच कमी सांगितली.

पहिल्या दिवशी तो ढगळ पँट घालून गेला आणि खुणेवर गुडघे वाकवून उभा राहिला. कॅमेरामन डूगल जुना खवचट.

"काय रे विल्फ, चहा जास्त झाला का? पाय आवळून उभा आहेस."

"तू तुझे दिवे बघ."

चाळीस मिनिटं त्यानं दात-ओठ खाऊन काढली. मग डावा गुडघा थरथरू लागला, आणि तो सरळ कधी झाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. नेमका तेव्हाच डूगलनं शेवटचा दिवा पक्का केला.

रेनिक येऊन खुणेवर उभा राहिला. डोळ्यांवर पडायचा उजेड डोक्यावरून थेट मागच्या भिंतीवर गेला. डूगल वळला.

"उंची किती तुझी? खरी सांग."

"सहा फूट एक."

"ती थॉर्पची."

"माझीही तीच."

डूगलचा आवाज उतरला. "उद्यापासून मला दुसरा माणूस बघावा लागेल, विल्फ. तुलाही कळतंय ते."

दिवे पुन्हा लागेपर्यंत रेनिक दोन कप चहा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला. पोरगा स्वभावानं चांगला होता, त्यामुळे विल्फ्रेडला धड रागावताही येईना.

"थॉर्पना फोन करा ना," रेनिक म्हणाला. "ते दुसरा चित्रपट करतायत. एकोणीस वर्षांची सोबत, तुम्हाला नाही म्हणतील का?"

"सोबत कसली? ते आले की मी बाजूला व्हायचो. आम्ही दोघं एका वेळी तिथं कधी नव्हतोच. त्यांना माझं नावही ठाऊक नसेल."

डूगलनं खुणेवर यायला हाक मारली, तसा विल्फ्रेड कप ठेवून उठला. दोन पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, हाक रेनिकला होती.