अन्वेषकाची टिप्पणी

"थांब गं, तो पेला आण इकडं," त्या घरातली आजी सुनेला म्हणाली.

सून माझ्यासमोर पाणी घेऊन उभी होती. माझा हात अर्धा पुढे गेलेला. तिनं पेला मागे घेतला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

अर्धापूरपासून थोडं आत, केळीच्या बागांमधलं गाव. मी अन्वेषक म्हणून सर्वेक्षणाला आले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ओसरीवर मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली होती. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात आजीनं विचारलं होतं, "कोनाची गं तू?"

मी पहिलं नाव सांगितलं.

"ते कळलं. आडनाव?"

आडनाव सांगितलं. आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हंजे जयभीमवाली का?"

"हाव."

एवढंच बोलणं झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी हाकललं नाही. सून परत आली ती कागदी कप घेऊन. कुठल्यातरी लग्नातून उरलेला, फुलाफुलांचा. आजीचा मुलगा दाराशी आला आणि फार आदबीनं म्हणाला, "ताई, ती खुर्ची जरा आत पायजे." मी उठले. त्यानं खुर्ची आत नेली. आत कुणीच नव्हतं, मला दिसत होतं. मग त्यानं पायरीच्या खाली अंगणात पोतं टाकलं. "बसा की इथं. सावली हाय."

मी बसले.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. मी बसले, मांडीवर टॅब घेतला आणि एकामागून एक प्रश्न विचारत गेले. शेती किती, जनावरं किती, पोरगी कितवीपर्यंत शिकली. आजी वर ओसरीवर, मी खाली. मान वर करून करून दुखायला लागली. आणि मग तो प्रश्न आला. टॅबवर जसा होता तसा वाचला.

"तुमच्या घरात कोणी शिवाशिव पाळतं का?"

"न्हाई माय," आजी म्हणाली. "आता कोन पाळतंय? ते पहिलं हुतं."

माझ्या डाव्या हातात तो कागदी कप होता. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, ते हेच. पण मी 'नाही'वर बोट ठेवलं. टॅब पुढच्या प्रश्नावर गेला.

आजी खोटं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. तिच्या सासूच्या काळात आमच्या बायांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तिनं कप दिला, सावलीत बसवलं. तिच्या मते ती लई पुढं आली होती. हीच गोष्ट मला जास्त बोचते. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

'नाही' का दाबलं? कारण तसं शिकवलं होतं. लातूरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून मॅडम आल्या होत्या, अभ्यासाच्या प्रमुख. हुशार बाई. कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "समोरचा माणूस जे सांगेल तेच लिहायचं. तुम्हाला काय दिसलं, काय वाटलं, ते नको." मी वहीत लिहून खाली रेघ मारली. पहिल्या बाकावर बसत होते मी. मला पीएचडीला अर्ज करायचा होता आणि त्याला मॅडमचं शिफारसपत्र हवं होतं. बिलोलीकडच्या आमच्या गावातून तिथपर्यंत कुणी गेलेलं नाही. ते पत्र म्हणजे माझ्यासाठी दार होतं, आणि ते उघडावं म्हणून मी काहीही ऐकायला तयार होते.

ऐकलंही. जेवणाच्या सुट्टीत आमचे पर्यवेक्षक सर आम्हा तिघा जयभीमवाल्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "गावात फक्त पहिलं नाव सांगा. आडनावानं डेटा बिघडतो." ओळखपत्रावरच्या आडनावावर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढरी चिकटपट्टी लावली. मला राग यायला हवा होता. मला सर समजूतदार वाटले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला सांगितलं. जयभीम सोडून सगळ्यांना नमस्कार घालायला लागले. आणि अर्ध्या गावानं तरीही आडनाव विचारलंच.

त्या संध्याकाळी नांदेडच्या लॉजवर आम्ही दिवसभराचे फॉर्म पाठवायला बसलो. माझ्या खोलीत वैशाली होती. उदगीरकडची, मराठ्यांची पोरगी, मनानं साधी. त्याच गावात, त्याच आजीच्या दिराच्या घरी ती गेली होती.

"शिवाशिवीला माझ्याकडं 'हो' आलं गं," माझ्या टॅबमध्ये डोकावत ती म्हणाली. "ती काकू तर हसली. म्हनली, आमच्यात पाळतात बाई, तुझ्यापासून काय लपवायचं. तुला काऊन न्हाई म्हनले?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं. मग ती चार्जर शोधायला लागली आणि बराच वेळ शोधत राहिली.

पाठवण्याआधी फॉर्म तपासताना सरांनाही ते दिसलं. एकाच गावात, एकाच भावकीत, वैशालीला 'हो' आणि मला 'नाही'. त्यांनी मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. विचारणारा कोण आहे त्यावर उत्तर बदलतं, असं होतं, म्हणाल्या. त्यावर उपायही आहे. ज्या समाजाचं घर, त्या समाजाचा अन्वेषक.

"उद्यापासून तू फक्त तुमच्या वस्त्या कर," त्या मला म्हणाल्या. "गावातली घरं वैशाली करेल. तुलाही तिथे जास्त मोकळं वाटेल."

"ठीक आहे, मॅडम," मी म्हणाले.

गावानं मला पायरीखाली बसवायला आडनाव विचारलं. मॅडमना तेही विचारावं लागलं नाही, टीमच्या यादीत होतं. गावाबाहेर वस्ती, आणि वस्तीसाठी वेगळी माणसं. शेकडो वर्षं गावानं जी आखणी केली तीच आमच्या अभ्यासाच्या नकाशावर आली, आणि तीसुद्धा शिवाशिव मोजायला निघालेल्या अभ्यासात. दिव्याखाली अंधार तरी किती असावा! त्यांचा मुद्दा चुकीचा होता असंही नाही. पुस्तकात आहे तो. मीच परीक्षेत लिहून आले होते आणि मला त्याचे गुणही मिळाले होते.

जेवायच्या आधी आईचा फोन आला. दिवसभराची गंमत सांगावी तसं मी तिला सगळं सांगितलं. आजीची नक्कल केली, खुर्चीचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर त्या लोकांना शिव्या देईल.

आई म्हणाली, "आन तू बसलीस?"

मी टॅब उलटा ठेवला.

"पोत्यावर बसलीस तू? येवढं शिकून?"

"काम होतं, आई."

"मलाबी लोकाच्या अंगणात कामच हुतं," ती म्हणाली. "म्हनून तर तुला शिकवलं." आणि फोन ठेवला.

मी जेवले नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिले. वैशाली म्हणाली, बस जरा. नाही बसवलं. मला स्वतःची किळस आली होती. आजीचा राग होता, मॅडमचा होता, पण सगळ्यात जास्त त्या माझ्या बोटाचा होता, ज्यानं इतक्या शहाण्यासारखं 'नाही' दाबलं.

आजीचा फॉर्म मी अजून पाठवला नव्हता. का, ते मलाही सांगता आलं नसतं. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, 'अन्वेषकाची टिप्पणी'. दोनशे अक्षरं मावतात. तिथे आम्ही 'काही नाही' लिहायचो. मी तिथे लिहिलं:

"उत्तर 'नाही'. अन्वेषक बौद्ध. जात कळल्यावर खुर्ची काढून घेतली, पायरीखाली पोते दिले. स्टीलचा पेला परत नेऊन कागदी कप दिला."

दोनशेत बसलं. जागा उरली.

सकाळी वस्तीकडे जाण्याआधी मी पुन्हा त्या घरी गेले. माणसाबद्दल लिहिलेलं त्याला वाचून दाखवावं, एवढं तर मलाही शिकवलं होतं. आजी अंगणात सुपात तूर पाखडत होती. मुलानं मला बघितलं आणि पोतं आणायला वळला.

"पोतं नको," मी म्हणाले. "उभी राहते. आजी, काल लिहिलेलं वाचते. चुकलं असंल तर सांगा."

वाचलं. एकेक शब्द. आजीच्या हातातलं सूप थांबलं.

"काय लिवून राहिली तू आमच्याबद्दल?" मुलगा पुढे आला. "खाल्ल्या घराचे वासे मोजतीस का?"

"मी इथं काही खाल्लं नाही, दादा."

"थांब रे," आजी त्याला म्हणाली. "झालं का न्हाई झालं, येवढंच इच्यारून राहिली ती." मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "झालं. तसंच झालं. पर आमी पाळत न्हाई माय. पानी तर दिलं की तुला."

"तुमचं उत्तर 'नाही'च आहे. ते बदललं नाही. काय झालं, तेवढं खाली आहे."

"माझं नाव येईल का त्यात?"

"न्हाई येणार."

"मंग लिव." तिनं पुन्हा सूप हलवलं. थोड्या वेळानं, वर न बघता, "आन तुझं?"

"माझं येतं. पूर्ण येतं."

मी निघाले. फाटकाशी नेटवर्क मिळालं, तिथूनच फॉर्म पाठवला.

दुपारपर्यंत सरांचे चार फोन आले. "ताई, टिप्पणी काढा. वैयक्तिक आहे ते." संध्याकाळी मॅडम स्वतः बोलल्या. त्यांना वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. "तुझं दुःख मला कळतं. पण हे मोजमाप नाही. असं प्रत्येकानं लिहिलं तर अभ्यास उभाच राहणार नाही. ती टिप्पणी काढून फॉर्म पुन्हा पाठव. मग तुझ्या पत्राचं बघू."

"मॅडम, दुःख नाही लिहिलं मी. खुर्ची लिहिलीय," मी म्हणाले. "मला कुठे बसवलं ते लिहिलंय. वैशालीला कुठे बसवलं तेही लिहायला सांगा. विचारणारी कोण होती, त्याचाही रकाना करा. आणि मी नुसत्या वस्त्या करणार नाही. यादीप्रमाणे येतील ती सगळी घरं करीन."

"मग तुला टीममध्ये ठेवणं अवघड आहे."

"अवघड असंल तर काढा."

काढलं. दुसऱ्या दिवशी टॅब आणि ओळखपत्र जमा करून मी बिलोलीची एसटी धरली. वैशाली स्टँडवर सोडायला आली होती. माझी बॅग तिनंच वर चढवून दिली.

टिप्पणी त्यांनी काढली असेल. काढणं त्यांच्या हातात आहे. माझ्या हातात आहे ते मी करतेय. पीएचडीचा अर्ज भरलाय. विषय लिहिलाय: प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला कोणत्या दारात कुठे बसवतात. गावं तीच घेतलीत. उत्तर देणाऱ्याचं उत्तर जसंच्या तसं लिहीन, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. आणि दारात माझं काय झालं, तेही तितकंच जसंच्या तसं लिहीन.

शिफारशीचा रकाना रिकामा आहे. दोघी-तिघींनी सांगितलं, मॅडमना एक फोन कर, माफी माग, बाई मनानं वाईट नाही. नसेल. मी फोन करणार नाही. अर्ज रिकाम्या रकान्यासकट उद्या जाईल. परत आला, तर पुन्हा पाठवीन.