टोपातली खरवड

खानावळवाली सगळ्यांच्या शेवटी जेवते. लालबागच्या चाळीत हा नियम मला कोणी शिकवला नाही, सासूबाईंना बघून मी तो उचलला. गिरणीची एक पाळी जेवून जायची, मग दुसरी यायची आणि दोन्ही पंगती उठल्या की टोपात जे राहील ते माझं. भाताची खरवड, मोडक्या भाकऱ्या, आमटीचं तळाचं दाट. अन्न टाकलं तर अन्नपूर्णा कोपते, असं सासूबाई म्हणायच्या. ती कोपू नये म्हणून मी वीस वर्षं टोप पुसून खाल्ले. ती इतकी प्रसन्न झाली, की खोलीच्या दारातून मला तिरकं होऊन जावं लागे.

लोकांना वाटे, खानावळवाली म्हणजे तूप ओरपत असणार. ओरपायला तूप होतं कुठे? मी उरलंसुरलं खाऊन जाड झाले, आणि याचा मला अजूनही राग येतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. माझ्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली होती. आडवी झाले की ती आत जाई, उभी राहिले की बाहेर येई. लुगडं घट्ट आवळून मी कामं उरकत होते. एका हरताळाच्या दिवशी बावीस जणांचा स्वयंपाक तयार होता आणि कर्फ्यू लागला. गोळीबार झाल्याची बातमी जिन्यावरून वर आली. जेवायला एकही माणूस आला नाही आणि नवराही मोर्च्यात गेलेला. मी भरल्या टोपांसमोर बसले आणि काळजीने खात सुटले. किती भाकऱ्या खाल्ल्या, देव जाणे. कर्फ्यू सैल झाल्यावर सगळी माणसं धडधाकट परत आली. मी मात्र जमिनीवर वाकडी होऊन पडले होते. गाठ दगडासारखी घट्ट झाली होती आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या.

मला व्हिक्टोरियात चढवायला चौघे लागले. घोड्याने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरलेले नाही. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी गाठ हाताने दाबत दाबत आत बसवली.

"बाई, आज गेली आत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी जाईलच असं नाही. आतडं अडकून सडलं तर माणूस हातचा जातो. ऑपरेशन करायला हवं, पण एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत. आधी चाळीस रत्तल वजन उतरवा, मग या."

नवरा म्हणाला, "राहू दे. सांभाळून राहू." शेजारीण त्याच्याही पुढची. ती म्हणाली, "पोट फाडून घेतलेलं कोण जिना चढून परत आलंय गं? जातात ते चौघांच्या खांद्यावरून."

तीन दिवस मी मनाशी हिशेब मांडत होते. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. उरलेल्या आमटीपायी मरायचं? चौथ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता मी नवऱ्याला सांगितलं, की ऑपरेशन मी करून घेणार.

वजन करायचं तर काटा हवा. कोपऱ्यावर लाकडाची वखार होती. तिथे जळण तोलायच्या पारड्यात मी मांडी घालून बसले आणि वखारवाला पलीकडे मापं चढवत राहिला. सव्वादोनशे रत्तल भरले.

"बाई, एवढं लाकूड महिनाभर पुरतं," तो म्हणाला.

"तुझ्याच हातांनी ही मापं उतरवायला लावते की नाही बघ," मी म्हटलं. अंगाची लाही लाही झाली होती.

त्या दिवशी दोन्ही पंगतींना मी सांगून टाकलं, "उद्यापासून टोपात उरलेलं मी खाणार नाही आणि टाकणारही नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा." त्यांच्यात मालवणकडचा एक म्हातारा विणकर होता, तो हात चाटत म्हणाला, "भियाव नकात, वयनी. टोप आमी पुसतंव."

त्यांनी गिरणीसारख्या पाळ्या लावल्या. आज या दोघांनी टोप पुसायचे, उद्या त्या दोघांनी. पोट भरलेलं असलं तरी सुटका नाही. एक जण टाळायला लागला तेव्हा मोर्च्यात घसा तयार झालेल्या कोणीतरी ओरडून म्हटलं, "वयनीचं ऑपरेशन," आणि बाकीच्यांनी पुढचं म्हटलं, "झालंच पाहिजे!" मग रोजचाच हा पाठ झाला. सगळ्यांत हाडकुळा होता त्याचा सदरा पोटावर तटतटू लागला.

मी एक भाकरी, एक वाटी आमटी आणि पालेभाजी यांवर आले. पहिला महिना मी दिसेल त्याच्यावर डाफरत होते. खरवडीच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते कांद्याचं आहे असं मी सांगायचे. सात महिन्यांनी वखारवाल्याने चाळीस रत्तलांची मापं एकेक करून खाली ठेवली. आमच्या पंगतीतले सहा जण ते बघायला आले होते.

ऑपरेशनचं मला एवढंच आठवतं, की नाकावर फडकं आलं आणि गोडसर उग्र वास आला. जागी झाले तेव्हा पोटावर पट्टा होता आणि श्वास घेतला तरी टाके ओढत होते. कुशीवर वळायचं नाही, खोकायचं नाही. त्यात म्हातारा विणकर भेटायला येऊन सांगू लागला, की खानावळीत ते आळीपाळीने रांधतात आणि भात रोज करपतो. मी पोट दाबून धरून हसले. नर्स त्याला बोलली आणि मलाही बोलली.

घरी आले तेव्हा खाली खुर्ची तयार होती, मला उचलून न्यायला. मी नको म्हटलं. एकेका पायरीवर थांबत तीन मजले चढले. शेजारीण दारात उभी होती.

"आले गं जिना चढून," मी म्हटलं.

ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी डबाभर डिंकाचे लाडू घेऊन आली. तिच्यामागे शिरा आला, मग अळिवाची खीर. आमच्या चाळीत इस्पितळातून आलेली बाई म्हणजे बाळंतीण, दुसरा हिशेब नाही. मी सगळं हात लावून, डोळ्यांना लावून पंगतीत पाठवलं. टोप पुसणाऱ्यांनी काय पाप केलं होतं?

महिन्याने मी पुन्हा चुलीपुढे बसायला निघाले, तर म्हाताऱ्याने पळी माझ्या हातातून काढून घेतली. पहिल्या पंगतीत, मधोमध एक पाट रिकामा ठेवला होता. सगळे ताटांवर हात आवरून बसले होते. मी पाटावर बसले, सरळ मांडी घालून. तव्यावरून उतरलेली भाकरी ताटात पडली, तिची वाफ तोंडावर आली. इतकी वर्षं मी भाकऱ्या करत होते, पण गरम भाकरी मला माहीतच नव्हती.

ती संपल्यावर म्हातारा पळी घेऊन समोर उभा राहिला. "आणि वाढू, वयनी?"

वीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

"पुरे," मी म्हटलं. टोपात आमटी शिल्लक होती. मी तिच्यासमोरून उठले आणि हात धुतले.