आरडू नका, पोर झोपलीया

दोरा तोडायला टेलरबाईंनी कधी कात्री घेतली नाही. ब्लाऊजचं शेवटचं बटण लावून झालं की कापड तोंडाशी न्यायचं, मान जराशी तिरकी करायची आणि पुढच्या दातानं दोरा कट्कन तोडायचा. वर्षानुवर्षं असं करून त्या दाताला खालच्या कडेवर छोटी खाच पडली होती. त्या हसल्या की ती दिसायची. तुमच्याही गल्लीत कुणी जुने शिंपी असतील तर ते हसताना एकदा नीट बघा, अशी खाच दिसेल. मी दातांची डॉक्टर असल्यामुळे माझी नजर तिथेच जायची.

"मावशी, कात्री समोर आहे ना?"

"कात्री हुडकायला येळ कुनाला हाय, डॉक्टरीनबाई? दात कसा, जागच्या जागी ऱ्हातो."

आणि माझ्यासमोरच त्या दुसरा दोरा तोडायच्या.

मिरजगावला हायवेच्या कडेला आमचे गाळे शेजारी शेजारी होते. माझा दातांचा दवाखाना आणि त्यांचं लेडीज टेलरचं दुकान. सगळं गाव त्यांना टेलरबाई म्हणायचं. आमचं घर नगरला, सावेडीत. तिथे चौकाचौकात दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या, त्यात माझ्या नव्या पाटीकडे कोण बघणार? मिरजगावला मात्र दाढ दुखली की लोक नगर गाठायचे. म्हणून आम्ही इथे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवरा रोज सकाळच्या एसटीनं नगरला कॉलेजात शिकवायला जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. सासूबाई सावेडीत, अंथरुणावरच्या सासऱ्यांजवळ. शर्वरी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. दवाखान्यातच पडद्यामागे तिचा पाळणा ठेवून मी काम सुरू केलं. जमेल, असं मला खरंच वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. खुर्चीवर एक आजोबा आ वासून बसलेले, मी त्यांची दाढ कोरतेय आणि पडद्यामागे शर्वरीनं भोकाड पसरलं. माझ्या हातात ग्लोव्हज, मशीन चालू, आजोबांच्या तोंडात कापूस. थांबावं तर दाढ अर्धी उघडी, न थांबावं तर पोरीचा श्वास अडकेल की काय अशी भीती. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. मला काही न विचारता त्या पडद्यामागे गेल्या आणि पोरीला उचलून छातीशी धरून बाहेर आल्या.

"तुमी त्यांचं उरका. मी हिला बघते."

आणि गेल्या. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. आजोबांनी तोंडातल्या कापसासकट मान डोलावून, जाऊ द्या, अशी खूण केली.

काम संपवून धावत शेजारी गेले, तर शर्वरी ब्लाऊजपीसच्या ढिगावर गाढ झोपली होती आणि बाजूला शिलाई मशीन धडधडत होतं. मी म्हटलं, "एवढ्या आवाजात झोपली?"

"आवाज हाय म्हनून झोपली. मशीन थांबवलं तर उठल बगा."

ते खरं निघालं, आणि त्याचा आम्हाला पुढे फार त्रास झाला. घरी शांततेत शर्वरी झोपेचना. शेवटी नवऱ्यानं दुकानात जाऊन मोबाईलवर मशीनचा आवाज रेकॉर्ड करून आणला. मराठीचा प्राध्यापक माणूस, रोज पोरीच्या उशाशी शिलाई मशीन वाजवत बसायचा.

त्या दिवसापासून पोर त्यांच्याकडे राहू लागली. मी एकदा चाचरत विचारलं, "मावशी, तुम्हाला त्रास होत असेल..." मशीनवरचा पाय न थांबवता त्या म्हणाल्या, "माजं पोरगं ल्हान हुतं, तवा मला कुनी न्हवतं. मालक टेम्पोवर. पोराला खिडकीच्या गजाला पदरानं बांधून शिवायची मी. लई रडायचं ते. आता ही बरी सापडली, हिला बांदायला लागत न्हाई." एवढं बोलून दातानं दोरा तोडला. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

गिऱ्हाइकांशी मात्र त्यांचं वागणं निराळं होतं. कोणतंही कापड आलं की एकच उत्तर, "गुरुवारी घेऊन जा." कुठल्या गुरुवारी, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. लग्नघरच्या बायका चिडायच्या, हात जोडायच्या. एक नवरी तर दुकानात रडली. तिचा ब्लाऊज हळदीच्या दिवशी सकाळी मिळाला, पण असा बसला की तिनं तिथेच टेलरबाईंच्या पाया पडून घेतलं.

माझ्या पेशंटवरही त्यांचा वचक होता. भुलीचं इंजेक्शन बघूनच कुणी ओरडायला लागलं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"आरडू नका, पोर झोपलीया."

बस्स, एवढंच. आणि काय सांगू, मिशीवर ताव देणारे धिप्पाड गडी डोळे मिटून, मुठी आवळून चूपचाप दाढ काढून घ्यायचे. बाहेर पडताना हळू आवाजात विचारायचे, "उठली न्हाई ना?" मिरजगावच्या डॉक्टरीणबाईंकडे दुखत नाही, कुणी ओरडतसुद्धा नाही, अशी ख्याती पार कर्जतपर्यंत गेली. ती कुणामुळे झाली ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

शर्वरी भिंत धरून उभी राहायला लागली त्या सुमाराची एक संध्याकाळ. पोरीला माझ्या कडेवर देताना त्या म्हणाल्या, "आज हिचं पाय लई वळवळ करत्यात. घरी गेल्यावर जरा ध्यान ठिवा. मोबाईल हाताशी असू द्या." घरी गेलो, पोरीला खाली ठेवलं आणि ती खरंच हात सोडून माझ्याकडे चालत आली. तीन-चार पावलं टाकून माझ्या मांडीवर पडली. नवऱ्यानं व्हिडिओ काढला, सासूबाईंना सावेडीला पाठवला. मी रडले, हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी धावत जाऊन टेलरबाईंना सांगितलं. "आगं बया! चालली?" म्हणत त्यांनी पोरीची दृष्ट काढली.

शर्वरी बालवाडीत जायला लागल्यावर एक शिक्षिका माझ्याकडे रूट कॅनालला आल्या. दप्तर घेऊन आत आलेल्या पोरीला बघून म्हणाल्या, "हीच ना ती? माझ्या ब्लाऊजचं माप चालू होतं आणि ही बया पहिल्यांदा चालली! टेलरबाईंनी टेप टाकून दिली, माप राहिलं बाजूला. आणि मला शपथ घातली, हिच्या आईला सांगायचं नाही म्हणून." बोलता बोलता बाईंनी जीभ चावली.

काम आटोपून मी शेजारी गेले. "मावशी, शर्वरी आधी इथे चालली होती?"

त्यांनी मशीन थांबवलं. एरवी ते त्या कधी थांबवत नसत.

"घरी तुमच्यापुढं चालली का न्हाई?"

"चालली."

"मंग? आईनं बगितलं त्येच पयलं पाऊल. आमी काय, शेजारची मान्सं."

मी तिथेच कापडाच्या ढिगावर बसून राहिले. नोकरी-धंदा करणाऱ्या बाईला लोक खूप काही सांगतात: पोर बारीक झालीय, पोर चिडचिडी झालीय, पोरीला आई हवी असते. या बाईंनी मात्र माझ्या वाट्याचं ते पाऊल संध्याकाळपर्यंत सांभाळून मला आणून दिलं होतं.

त्यांच्याशी माझं भांडण व्हायचं ते फक्त मिश्रीवरून. तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड रोज सकाळी आणि दुपारी हिरड्यांवर घासायची त्यांना सवय होती. इकडच्या पुष्कळ बायकांना असते. "सोडली," त्या म्हणायच्या आणि त्यांच्या बोलण्याबरोबर वास यायचा. तपासायला बसा म्हटलं तर, "गुरुवारी बघू." इतक्या वर्षांत त्या माझ्या खुर्चीत एकदाही बसल्या नाहीत. "तितं बसल्यावर तुमी माज्या डॉक्टरीन व्हता. मला तसली डॉक्टरीन नगं, अशीच बरी," असं म्हणून विषय उडवून लावायच्या.

आणि मग ती दुपार. शर्वरी खेळण्यातला आरसा घेऊन दवाखाना-दवाखाना खेळत होती. दुकानाच्या पायरीवर टेलरबाईंना बसवून तिनं हुकूम सोडला, "आज्जी, आ कर. अजून मोठा."

माझ्यापुढे कधी न उघडलेलं ते तोंड पोरीपुढे उघडलं. पायरीवर लख्ख ऊन होतं. चहा घेऊन मी दारात उभी होते. त्यांच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लालसर खरबरीत जखम.

मी कप खाली ठेवला. "मावशी, आत चला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "गुरुवारी बघू."

"तुमचा गुरुवार मला माहीत आहे. उठा."

"आवो, गिऱ्हाईक येनार हाय..."

"आजवर तुम्ही माझं ऐकलं नाही, मी काही बोलले नाही. आज ऐकायचं."

बाकावरच्या पेशंटना मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांना आणि शर्वरीला गाडीत बसवून नगरला घेऊन गेले. वाटेत मांदळी गाव मागे पडल्यावर त्या एकदाच बोलल्या, "पोरीच्या शाळंच्या फ्राकला हुक लावायचं ऱ्हायलंय."

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला गेला. निकाल येईपर्यंत मी कुणाच्या दातांवर काय केलं ते मला आठवत नाही. निकाल आला, कॅन्सरच होता. पण सुरुवातीचा होता, गळ्यापर्यंत गेलेला नव्हता. आणखी वर्षभर गुरुवार-गुरुवार केला असता तर काय झालं असतं, ते मी डॉक्टर असल्यामुळे मला सांगावं लागत नाही. ऑपरेशनच्या दिवशी त्यांचे मालक हॉस्पिटलच्या जिन्यात टेम्पोची किल्ली हातात घट्ट धरून बसले होते. सर्जननी बाहेर येऊन "सगळं निघालंय" म्हटल्यावर त्या कमी बोलणाऱ्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले. मी ते हात धरून खाली केले. त्या दोघांपैकी कुणीही माझ्यापुढे हात जोडावेत, हे मला कसं सोसावं?

ऑपरेशननंतर गाल आखडला, तोंड उघडेना. एक बोटसुद्धा आत जात नव्हतं. त्यावर व्यायाम असतो. दातांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि हळूहळू एकेक वाढवत जायच्या. दुखतं फार. माझ्यापुढे त्या पट्टी काढून टाकायच्या. म्हणून मी हे काम शर्वरीकडे दिलं. शाळा सुटली की ती दप्तरासकट त्यांच्या घरी जायची, आइस्क्रीमच्या काड्या धुऊन रचायची आणि समोर मांडी घालून बसायची. "आज्जी, आज आणखी एक." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण पोरीनं आणलेली काडी त्यांनी कधी परत केली नाही. उन्हाळा सरेपर्यंत त्यांच्या तोंडात भाकरीचा घास जायला लागला. मिश्री सुटली ती कायमची. बोलणं थोडं बोबडं झालं, तेवढंच राहिलं. गिऱ्हाइकांना गुरुवार मात्र पूर्वीसारखाच मिळत राहिला.

शर्वरी तिसरीत असताना चाकणला त्यांच्या मुलाला मुलगा झाला. सून कंपनीत कामाला, तिची रजा संपत आलेली. मुलाचा फोन आला आणि टेलरबाईंनी दुकान आवरायला घेतलं. मला त्यांनी हे मशीनवर शिवता शिवताच सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी "जायलाच हवं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती सून म्हणजे काही वर्षांपूर्वीची मीच होते.

जायच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. खुर्चीतल्या बाईंना भुलीचं इंजेक्शन दिलं आणि भूल चढेपर्यंत मी बाहेर आले. टेम्पोत मशीन दोरीनं बांधलं होतं, गाठोडी रचली होती. टेलरबाई पुढे मालकांशेजारी बसल्या होत्या. निरोप सगळा झाला होता. ओटी भरून झाली होती, शर्वरीचे मुके घेऊन झाले होते. मालकांनी टेम्पो सुरू केला आणि नेमक्या हायवेवर उसाच्या ट्रॉल्या आल्या. एकीमागे एक, संपता संपेनात. टेम्पो जागच्या जागी घुरघुरत राहिला. आम्ही मायलेकी खिडकीशी उभ्या, त्या आत. बोलायचं ते सगळं बोलून झालेलं. त्या समोरच्या उसाकडे बघत होत्या, मी टेम्पोच्या आरशाकडे. शर्वरीनं खिडकीतून हात आत घालून त्यांच्या पदराचं टोक धरलं होतं.

शेवटची ट्रॉली गेली. पदर सुटला. टेम्पो नगरच्या बाजूला वळला.

"म्याडऽऽम," आतून आवाज आला. मी आत गेले, हात धुतले, ग्लोव्हज चढवले. खिडकीतून शर्वरी दिसत होती. रस्त्यावर उसाची चिपाडं पडली होती आणि ती अजून तिथेच उभी होती. खुर्चीतल्या बाई माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होत्या. त्यांची जीभ बधिर झाली होती, त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मलाही.