पाचवा फलाफल

मावशीच्या निवृत्तीनिमित्त मावशी, काका, त्यांची रेवा आणि मी बागेतल्या टेबलावर भूमध्यसागरी जेवण जेवायला बसलो होतो. तिथे सगळं इवल्याशा ताटल्यांत येतं आणि मधे ठेवून वाटून खायचं असतं. समतेची पत्रकं वाचत वाढलेल्या मला ही पद्धत फारच पटली. मग फलाफल आले, म्हणजे काबुली चण्याचे वडे. ते पाच होते. चार संपले.

"तू घे," मावशी मला म्हणाली.

"नको, काकांना द्या."

"माझं पोट भरलंय," काका वड्याकडे बघत म्हणाले.

"चार भाग करू या," मी सुचवलं.

"वडा आहे तो," रेवा म्हणाली, "वडिलोपार्जित जमीन नाही."

आपल्याकडे शेवटचा घास मागून घेणं हावरटपणाचं. म्हणून तो सगळ्यांना हवा असतो आणि कुणाचाच होत नाही. सार्वजनिक मालमत्ता अशीच वाया जाते, असं मनात म्हणत मी कुंडीतल्या ऑलिव्हच्या रोपाकडे निग्रहाने पाहत राहिलो.

तेवढ्यात वेटरने ताटलीला हात घातला. "झालं ना?"

"थांबा," आम्ही चौघंही ओरडलो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि सवयीने मूठही वर गेली होती.