खलनायकाची माती

मैदान रिकामं झालं तरी आमच्या गल्लीतले दादू पैलवान आखाड्यात उकिडवे बसून माती उकरत होते. निकाल आधीच ठरलेल्या, करमणुकीच्या कुस्त्यांत तीस वर्षं हरल्यावर पन्नाशीत त्यांना रोजच्या खेळातल्या शेवटच्या, मोठ्या कुस्तीतला खलनायक केलं होतं. आज आखाड्यात उतरताना सवयीने त्यांनी माती कपाळाला लावली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडेला उभा आयोजक डाफरला, "पाया काय पडताय? थुंका!"

ते थुंकले. अख्खं मैदान शिव्या देत उठलं. पहिल्यांदाच सगळे त्यांच्याकडे बघत होते. उशिरा आलेलं मोठेपण माणसाकडे जे शेवटचं उरलेलं असतं, नेमकं तेच मागतं.

"काही हरवलं का, दादूकाका?" मी विचारलं.

"थुंकलेली माती बाहेर टाकतोय," ते म्हणाले. "उद्या परत थुंकायचंय."