मागचा बाक

रविवारची उपासना आटोपली होती. चर्चमधल्या मागच्या नव्या बाकावर कुणाच्या वडिलांच्या नावाची पाटी लावायची, यावरून आमची दोन घराणी हमरीतुमरीवर आली होती. तेवढ्यात एक अनोळखी बाई दारात चपला काढून आत आली, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं "सलाम" म्हणाली आणि त्याच रिकाम्या बाकाशेजारी उभी राहिली. हातातल्या डब्याचं झाकण ती पदरानं सारखं पुसत होती. अर्ध्या तासानं मीच वैतागून म्हणालो, "अहो, बसा ना!"

"कुणाचा हाये ते ठरू द्या दादा, मंग बसते."

टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. मी पुन्हा भांडणाकडं वळलो.

ती कधी निघून गेली, कळलंच नाही. झाडणाऱ्या मावशी नंतर म्हणाल्या, "लासूर स्टेशनची व्हती. नवरा दवाखान्यात हाये. कुणी येऊन प्रार्थना करंल का, इचारायला आलती."

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. तिथं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी काय सांगणार? तिचंही नाव विचारलं नव्हतं.

पाटी आमच्याच वडिलांची लागली. त्या बाकावर मला बसवत नाही.